फुस्तातमधली अर्ध्या दिवसाची सहल : कागद अस्सल, बाकी बरंचसं ऐकीव

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. कैरोला जाणार असाल आणि जुन्या माणसांच्या जुन्या कागदांत तुम्हाला रस असेल, तर ही सहल जरूर घ्या. फक्त पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी मागून घ्या : अत्तराचं दुकान वगळणार का? आमच्या साडेचार तासांपैकी पन्नास मिनिटं त्या दुकानाने खाल्ली.

मी अलिबागच्या दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं वकिली केली. त्यामुळे समोरचा माणूस काही सांगू लागला की माझ्या डोक्यात आपोआप दोन रकाने पडतात. एक दस्ताचा, एक ऐकीवचा. लेकीला ही सवय आवडत नाही. ‘आई, तो गाईड आहे, साक्षीदार नाही,’ असं ती त्या दिवशी मला तीनदा म्हणाली.

सहलीचं नाव भारदस्त होतं : मूसा बिन मैमूनच्या फुस्तातमध्ये. फुस्तात म्हणजे आजच्या कैरोचा जुना भाग. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं. बाराव्या शतकातला हा ज्यू पंडित आणि वैद्य, ज्यू कायद्याची संहिता याचीच. ज्यू लोक त्याला रंबम म्हणतात आणि युरोपात तो मायमोनिडीस. मला ते माहीत होतं ते आमच्या शेजारच्या मावशींमुळे. अलिबागला आमच्या घरापासून इस्रायल आळी पाच मिनिटांवर. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत चूल आटपायच्या आणि शनिवारी हाताला काम लावायच्या नाहीत. रायगडातली जुनी माणसं या लोकांना शनवार तेली म्हणायची ती याचसाठी : घाणा चालवायचा, पण शनिवारी बंद. मावशी मुलांपाठोपाठ इस्रायलला गेल्या त्याला कितीतरी वर्षं झाली, पण फोनवरचं मराठी अजून अस्सल अष्टागरातलं. मी कैरोचं सांगितल्यावर म्हणाल्या, ‘मग रंबमच्या गावी जाऊन ये गं. त्यानं आमच्याबद्दल लिहिलंन आहे.’ ते खरं की कसं, याकडे शेवटी येते.

आरक्षण हॉटेलमधूनच केलं. दोघींचे मिळून साडेपाच हजार रुपये पडले. तिकिटं, पाणी आणि गाईड त्यातच. भेटायची जागा मार गिरगिस मेट्रो स्टेशनच्या बाहेर, सकाळी नऊला. ही जागा फार सोयीची. जिना उतरून रस्ता ओलांडला की समोरच जुना रोमन बुरूज आणि कॉप्टिक वस्ती. आमच्यासह सात जण होते. गाईड तिशीतला, इंग्रजी स्वच्छ, आवाज खणखणीत, काखेत एक जाडजूड प्लास्टिकची फाइल. त्या फाइलमुळेच मी हे एवढं लिहायला बसले.

त्याने सुरुवात कॉर्डोबापासून केली, ते योग्यच. मूसाचे वडील मैमून हे तिथले दय्यान, म्हणजे ज्यू समाजाचे न्यायाधीश. ११४८ मध्ये अल्मोहादांनी, म्हणजे मोरोक्कोतल्या कट्टर मुसलमान राजघराण्याने, शहर घेतलं आणि मुसलमान व्हा नाहीतर चालते व्हा अशी वेळ आली. तेव्हा मूसा दहा वर्षांचा. कुटुंब स्पेनमध्येच बारा-एक वर्षं इकडेतिकडे भटकलं, मग मोरोक्कोत फेझला गेलं. तिथेही राज्य त्याच अल्मोहादांचं. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच राजवटीत जाऊन राहायचं. हे का, यावर गाईडने खांदे उडवले. मला ते खांदे उडवणं आवडलं. माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं सांगण्यापेक्षा बरं.

११६५ च्या एप्रिलमध्ये हे लोक फेझहून निघून जहाजात बसले. वाटेत वादळ झालं. जहाज जवळजवळ गेलंच होतं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण आणि आपल्या घरच्यांनी दर वर्षी उपास करायचा, असा नेम मूसाने लावून घेतला. महिन्याभराने अक्का बंदर. तिथून जेरुसलेमचं दर्शन, मग इजिप्त. याच सुमारास वडील वारले. राहिले दोघे भाऊ आणि बहिणी.

इथे पहिला आक्षेप. गाईडने जन्मसाल ११३५ सांगितलं. मी म्हटलं, ११३८. तो हसून म्हणाला, सगळीकडे ११३५च लिहिलेलं असतं. खरं आहे, असतं. पण मिश्ना या कायद्याच्या मूळ संहितेवर मूसाने जे भाष्य लिहिलं, त्याच्या शेवटी त्याने स्वतः नोंदवलंय की तेविसाव्या वर्षी लिहायला घेतलं आणि तिसाव्या वर्षी मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, पुरं केलं. सालही दिलंय, ते आपल्या गणतीने ११६८ येतं. वजाबाकी तिसरीतल्या पोराला जमेल. ११३५ हा आकडा वंशजांच्या टिपणातून आलेला. स्वतःच्या हातची नोंद समोर असताना नातवाचं म्हणणं कुठलं कोर्ट धरील? त्याच नोंदीत त्याने असंही लिहिलंय की काही भाग वाटचाल करताना लिहिला, काही जहाजावर. आणि मग सही. सही म्हणजे वंशावळच : मोशे, मैमून दय्यानचा मुलगा, तो योसेफचा, असं करत सात पिढ्यांचे न्यायाधीश आणि पंडित. ज्याचं गाव गेलं, घर गेलं, त्याने सातबाऱ्यासारखे बापजाद्यांचे हुद्दे जपून ठेवलेले.

बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, सुंदर आहे. मोठी डागडुजी करून २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं. संगमरवर, शिसवीसारखं काळपट लाकूड, शिंपल्यांचं जडावकाम, वर बायकांचा सज्जा. इमारत मात्र रंबमच्या काळातली नाही, १८९० च्या सुमाराला पाडून नव्याने बांधलेली. हे गाईडने न विचारता सांगितलं, त्याला पूर्ण गुण. पण मग गाडी घसरली. याच जागी फारोच्या मुलीला टोपलीत तान्हा मोझेस सापडला. रंबम रोज याच ठिकाणी प्रार्थनेला यायचा. सिंहहृदयी रिचर्डने त्याला आपला वैद्य व्हायला बोलावलं होतं. आणि पत्राखाली तो सही करायचा ती अशी : ‘मिसरमध्ये राहून रोज तीन आज्ञा मोडणारा.’

टोपलीचं सोडून देते, ते भाविकांचं. सहीचं मात्र सोडवत नाही. ज्यूंनी मिसरमध्ये कायमचं राहू नये, असा नियम रंबमच्या संहितेत आहे हे खरं. तो स्वतः जवळजवळ चाळीस वर्षं इथेच राहिला हेही खरं. पण त्या सहीची गोष्ट तो गेल्यावर शंभरेक वर्षांनी दुसऱ्याच माणसाने लिहून ठेवलेली आहे. त्याच्या हातचे आणि सहीचे इतके कागद सापडले, पण त्यांत अशी सही नाही. आणि रोज प्रार्थनेला इथेच? त्या काळी फुस्तातमध्ये ज्यूंच्या दोन सभा होत्या, एक शामी, म्हणजे सीरिया-पॅलेस्टाईनकडच्यांची, आणि एक इराकी. बेन एझ्रा शामींचं. शामी लोक तोराचं, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचं, वाचन तीन वर्षांत पुरं करत, इराकी एका वर्षात. रंबमला ती तीन वर्षांची पद्धत मुळीच पसंत नव्हती. ती मोडायचा प्रयत्न करूनही त्याच्या हयातीत ती मोडली नाही. अशा माणसाने रोज त्यांच्याच देवळात जाऊन बसावं? मी एवढंच म्हटलं. लेकीने माझा दंड दाबला.

सज्ज्याच्या टोकाला, उंचावर, भिंतीत एक भोक होतं. शिडी लावून चढायचं आणि जुने कागद आत टाकायचे. देवाचं नाव लिहिलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही. पण लोकांनी देवाचं नाव असलेले-नसलेले सगळेच कागद टाकले : लग्नाचे करार, वाण्याची बिलं, भांडणं, पोरांच्या पाट्या, औषधांच्या याद्या. याला म्हणतात गेनिझा. शेकडो वर्षांचे कागद, कोरड्या हवेत, जवळजवळ जसेच्या तसे. केंब्रिजचा सॉलोमन शेख्टर १८९६ च्या अखेरीस इथे आला आणि १८९७ मध्ये बहुतेक सगळं उचलून घेऊन गेला. आज केंब्रिजकडे असलेल्या त्याच्या संग्रहात १,९३,००० च्या आसपास तुकडे आहेत. आमच्या कोर्टाचं रेकॉर्ड रूम आठवून मला हसू आलं. तिथे मला एकदा वीस वर्षांपूर्वीच्या दाव्यातली कैफियत काढायला चार महिने लागले होते.

इथे गाईडने फाइल उघडली.

आत प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेल्या छायाप्रती. मूळ कागद केंब्रिजमध्ये, पण त्यांची चित्रं संगणकावर सगळ्यांना खुली आहेत. हा पठ्ठ्या ती छापून, खाली सोप्या इंग्रजीत सारांश लिहून हातोहात फिरवतो. कोर्टात दाखल दस्ताला निशाणी नंबर पडतो तसे याने कोपऱ्यात लाल आकडे घातलेले. निशाणी एक बघताच मी खाली बाकावर बसले.

ते दाविदचं पत्र. दाविद म्हणजे मूसाचा धाकटा भाऊ. हा रत्नांचा व्यापारी. पत्र ऐधाबहून आलेलं. ऐधाब हे तांबड्या समुद्राच्या काठचं बंदर. नाईल नदीवरच्या कूसहून वाळवंट तुडवत तिथे पोचायचं. दाविद लिहितो की तांडा सोडून मी एकाच सोबत्याबरोबर वाळवंट पार केलं, तो माझा अडाणीपणा झाला, पण देवाने तारलं. तांड्याने आलेले लुटले गेले, काही तहानेने मेले. आणि एवढं करून ऐधाबला पोचलो तर बाजारात घेण्यासारखं काही नाही. फक्त नीळ. म्हणून आता हिंदला जातो. वाळवंटातून वाचलो ते आठवलं की समुद्राचं काही वाटत नाही, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. शेवटी घरच्यांसाठी निरोप : धाकटीला धीर दे, तिला घाबरवू नकोस, झाल्या गोष्टीसाठी देवाला साकडं घालणं फुकट असतं. पत्र घाईत लिहिलंय म्हणून माफीही मागितलीय, तांडा निघायच्या बेतात होता.

धाकटी म्हणजे त्याची बायको. म्हणजे याला कळत होतं की ही बातमी ऐकून ती रडणार. ते तिला तोंडाने सांगायचं काम त्याने थोरल्या भावावर टाकलं. आमच्या घरात आजोबा गलबतावर जायचे तेव्हा हेच व्हायचं म्हणे. आजीला कधी थेट सांगायचे नाहीत, थोरल्या दिराकडून निरोप.

दाविद हिंदी समुद्रात बुडाला. याच फेरीत बुडाला असं सगळे धरून चालतात. पत्र तेवढं म्हणत नाही, पण पुढचं मूसा स्वतः म्हणतो. कित्येक वर्षांनी त्याने अक्काच्या जाफेत नावाच्या स्नेह्याला जे पत्र लिहिलं, त्याचा सारांश निशाणी दोनवर होता. आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट ते. बुडताना दाविदजवळ त्याचे, माझे आणि इतरांचेही पैसे होते. मागे एक लहान मुलगी आणि विधवा, दोघी माझ्याकडे. बातमी आली त्या दिवसापासून मी वर्षभर अंथरुणावर होतो : गळू, ताप, मन ठिकाणावर नाही. आठ वर्षं झाली तरी सांत्वन नाही. तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ होता, माझा शिष्य होता. तो बाजारात फिरून कमवायचा आणि मी घरी निर्धास्त बसायचो. अजून त्याचं अक्षर दिसलं की काळीज उलटतं.

म्हणजे ज्या माणसाने ज्यू कायद्याची चौदा भागांची संहिता रचली, सुमारे हजार अध्याय, दहा वर्षांची मेहनत, ११८० च्या आसपास पुरी केली, त्याची बैठक उभी होती ती धाकट्याच्या फिरतीवर. याला आम्ही एकत्र कुटुंब म्हणतो. त्याच शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे कल्याणीला विज्ञानेश्वर मिताक्षरा लिहीत होता, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कुणाचा वाटा कसा, याचा खल करत. मी जन्मभर त्याच्यावर पोट भरलं. एक भाऊ मुंबईला गिरणीत, दुसरा गावी शेतावर, आणि तीस वर्षांनी वाटपाचा दावा : कमावलं कुणी? इथे दावा झालाच नाही. कमावता बुडाला आणि थोरल्याने तिशी उलटल्यावर वैद्यकीचा धंदा धरला. वैद्यक शिकलेला होताच, पण पोटासाठी ते करायची वेळ तेव्हा आली.

सहलीतला हा भाग किती मिनिटांचा? मी घड्याळ लावलं नव्हतं, पण दहाच्या वर नसेल. गाईडने निशाणी दोन गोळा करून पुढची दिलीसुद्धा. ब्राझीलहून आलेलं एक जोडपं मात्र माझ्यासारखंच अडून बसलं. तेव्हा त्याने मूळ पत्राची प्रत पुन्हा काढून दिली आणि ऐधाब नकाशावर दाखवलं. गडी चांगला आहे. त्याला वेळ दिला की चांगला. वेळ त्याच्या कंपनीने अत्तरवाल्याला विकलेला.

पुढची निशाणी एक अर्ज होता. वरच्या भागात कुणीतरी कायद्याचा प्रश्न नीट अक्षरात मांडलेला. खाली उरलेल्या जागेत भरभर अक्षरात दोन-तीन ओळींचं उत्तर आणि शेवटी : ‘लिहिलं मोशेने.’ बस्स. अर्जावरच शेरा! आमचे एक दिवाणी न्यायाधीश असेच होते. मोठ्या अर्जावर डाव्या अंगाला दोन शब्द, पण वरच्या कोर्टात तेच टिकायचे.

त्याची अशी उत्तरं शेकड्यांनी टिकून आहेत. त्यांतलं एक मला आधीपासून माहीत होतं, म्हणून गाईडला विचारलं. त्याला माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगते. एका बाईला नवरा वर्षानुवर्षं टाकून गेलेला. तिने पोरांना शिकवून संसार चालवला. नवरा परत आला आणि म्हणतो, शाळा बंद कर, माझी अब्रू जाते. प्रकरण रंबमकडे. कायदा सरळ वाचला तर नवऱ्याच्या बाजूने जातो. पण त्याने बाईसाठी एक वाट दाखवली : तिने नांदायला नकार द्यावा, मेहेरवर पाणी सोडावं, नवऱ्याला घटस्फोट द्यायला लावता येईल, मग ती स्वतःची मुखत्यार आणि शाळा तिची. पैशावर पाणी सोडायला लागलं, हे मला डाचतंच. पण पोटगीच्या कोर्टात बसून मी याहून वाईट तडजोडी लिहून दिल्या आहेत.

मात्र हा थोर माणूस एका बाबतीत चुकला आणि ते तो स्वतः कबूल करतो. संहितेत त्याने निर्णय दिले, पण कुठून घेतले ते आधार दिले नाहीत. सायटेशनच नाही! तेव्हाच्या पंडितांनी त्याच्यावर तुटून पडायचं हेच मोठं कारण. अलेक्झांड्रियाच्या एका दय्यानला पाठवलेल्या पत्रात तो सांगतो की एक न्यायाधीश माझाच ग्रंथ हातात घेऊन आला आणि हे कुठून घेतलंत म्हणून विचारू लागला. मला सांगता येईना. तो गेल्यावर सापडलं, भलत्याच प्रकरणात दडलेलं. तेव्हा वाटलं की आधारांची वेगळी पुरवणी करायला हवी होती. ती काही झाली नाही. हा प्रसंग सहलीत नाही. असायला हवा, वकील आले तर खळखळून हसतील.

मग अत्तराचं दुकान. गुळगुळीत काचेच्या बाटल्या, फुकटचा करकदेह (लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत, ते छान होतं) आणि ‘क्लिओपात्राचं गुपित’. काही घेतलं नाही. पन्नास मिनिटं. याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

सहलीचा दुसरा टप्पा जुन्या कैरोतली हारत अल-याहूद, ज्यूंची गल्ली. गाडीने गेलो. इथे रंबमच्या नावाचं सिनेगॉग आहे, २०१० मध्ये दुरुस्त केलेलं. आजारी माणसं इथल्या तळघरात रात्रभर झोपायची, गुण यायचा म्हणून. पुस्तिकेत ‘सिनेगॉगला भेट’ असं छापलंय. भेट म्हणजे बाहेरून भिंत. आत जायला आधी परवानगी लागते आणि ती कंपनीने काढली नव्हती. छापलेलं असेल तर द्यायला हवं, नाहीतर ‘बाहेरून दर्शन’ असं छापा.

पण त्या अरुंद गल्लीत, भिंतीला टेकून, वरून कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे ठिबकत असताना गाईडने रंबमच्या दिनचर्येचं पत्र वाचून दाखवलं, आणि दिवसातला दुसरा चांगला भाग तो. ११९९ मध्ये त्याच्या ग्रंथाचा अनुवाद करणाऱ्या इब्न तिब्बोनला लिहिलेलं. तो म्हणतो, मी राहतो फुस्तातला, सुलतान कैरोत. अंतर ज्यूंना शनिवारी जेवढं चालायची मुभा असते त्याच्या दुप्पट. रोज सकाळी दरबार. सुलतान, त्याची मुलं किंवा जनानखान्यातलं कुणी आजारी असेल तर दिवस तिथेच. दुपार उलटल्यावर भुकेने कासावीस होऊन घरी येतो तर ओसरी माणसांनी भरलेली : यहुदी, मुसलमान, मोठे, लहान, मित्र, शत्रू. जनावरावरून उतरतो, हात धुतो, त्यांना म्हणतो की दोन घास खाऊ द्या. चोवीस तासांतलं तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत रोगी. शेवटी आडवा पडून औषधं सांगतो, बोलायचंही त्राण नसतं. शनिवारी समाजाची माणसं येतात. तेव्हा तू एवढ्या लांबून माझ्याशी शास्त्रचर्चा करायला येतोयस, तर एक तासही निवांत मिळेल अशी आशा धरू नकोस. पाहुण्याला नको म्हणायची यापेक्षा सविस्तर कैफियत मी वाचलेली नाही.

घरच्यांबद्दल मी विचारलं तेव्हा गाईडने थोडं सांगितलं, थोडं मला माहीत होतं. बायको इजिप्तमधल्या प्रतिष्ठित घराण्यातली. तिचा भाऊ सलाहुद्दीनच्या एका बायकोचा, अल-अफदलच्या आईचा, कारभारी. आणि त्याच मेहुण्याला रंबमची बहीण दिलेली. साटंलोटंच की! परमुलखातून आलेल्या कुटुंबाने तिथल्या वजनदार घराशी दुहेरी सोयरीक केली. मुलगा अब्राहम झाला ११८६ मध्ये, म्हणजे बापाची पन्नाशी जवळ आल्यावर. १२०४ च्या डिसेंबरात रंबम वारला, तेव्हा हा अठरा वर्षांचा. त्याच वयात समाजाची धुरा त्याच्याकडे आली आणि पुढे त्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. कबर तिबेरियासला आहे म्हणतात. ऐकीवच्या रकान्यात, पण जुनं ऐकीव.

फाइलमधली शेवटची निशाणी मरियमची. रंबमची बहीण. सुलतानाच्या दरबारात वजन असलेल्या, सगळ्या यहुद्यांचा मुख्य म्हणवणाऱ्या भावाला ती लिहिते की पोराचा काही ठावठिकाणा नाही, पत्र नाही, माझा जीव थाऱ्यावर नाही, तू त्याचा शोध घे, त्याला लिहायला सांग. लेक तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून होती. ती प्रत तिने हातात घेतली, वाचली आणि काही न बोलता परत दिली. ती दुबईला गेली त्या पहिल्या वर्षी मी तिच्या मामाला असंच पिडलं होतं.

जेवण सहलीत धरलेलं नाही. गाईडने दाखवलेल्या गाडीवर फूल खाल्लं : मोठ्या वालांसारखे दाणे रात्रभर शिजवून, वर तेल, जिरं, लिंबू. आमच्या बिरड्याच्या पुढे नाही, पण चुलत भावंडं नक्की. सोबत ताअमिया, म्हणजे त्याच दाण्यांचा तळलेला वडा, तो फर्मास. बूट चालायचे घाला, सिनेगॉगच्या आसपास फरशी घासलेली आहे. जानेवारीतही सकाळी शाल लागते.

आता मावशींचं. दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना उतारवयात लिहिलेल्या पत्रात रंबम म्हणतो की हिंदमधल्या यहुद्यांना लेखी तोरा ठाऊक नाही, धर्माचं ते एवढंच पाळतात : शनिवार, आणि आठव्या दिवशी सुंता. हे आमच्या कोकणातल्या शनवार तेल्यांबद्दलच असणार, असं पुष्कळांना वाटतं. कोकणाचं नाव त्यात नाही, तेव्हा मी याला अनुमान म्हणेन, भक्कम अनुमान. काही जण आणखी पुढे जातात. बेने इस्रायलांना धर्म पुन्हा शिकवणारा दाविद रहाबी म्हणून जो सांगतात, तो रंबमचा हाच भाऊ, बुडालाच नाही, आमच्या किनाऱ्याला लागला! दुसरं मत असं की रहाबी हा अठराव्या शतकातला कोचीनचा. मावशींना अर्थात पहिलंच हवंय. रात्री फोनवर मी त्यांना जाफेतला लिहिलेल्या पत्राचं सांगितलं, वर्षभर अंथरुणावर होता ते, विधवा आणि मुलगी पदरात आली ते. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्याला बातमी सांगणाऱ्यानं प्रेत पाह्यलंन होतं का?’

उलटतपासणीत मला हा प्रश्न सुचला नव्हता.

गाईडला पाच तारे. फाइललाही पाच. कंपनीला तीन, आणि तेही फाइलमुळे. दाविदच्या पत्राची प्रत विकत मागितली तर त्याने पैसे घेतले नाहीत, दुसऱ्या दिवशी हॉटेलवर पाठवून दिली, कोपऱ्यात लाल ‘१’ तसाच.